रेक्स दबा धरून बसला आहे : एका घरगुती भूलभुलैयाचा इतिहास

१/ एप्रिल १९८१. इंग्लंडमध्ये माल्कम इव्हान्स नावाच्या गृहस्थांना सदतिसाव्या वाढदिवसानिमित्त पत्नीने एक छोटा संगणक भेट दिला. त्या यंत्राला रंग नव्हते, आवाज नव्हता आणि मेमरी होती अवघी एक किलोबाइट. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याच जातीच्या यंत्रावर एक टायरॅनोसॉरस खेळणाऱ्याच्या अंगावर धावून येऊ लागला होता. आजचा धागा त्या टायरॅनोसॉरसविषयी.

२/ गेमचे नाव ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ आणि यंत्राचे नाव ‘सिंक्लेअर झेडएक्स ८१’. व्हिडिओ गेमच्या इतिहासात या गेमचा उल्लेख पुष्कळदा एकाच विशेषणासह येतो : ‘घरगुती संगणकावरील पहिला त्रिमितीय गेम’. हे विशेषण कितपत टिकते, ते आपण पुढे तपासू. तत्पूर्वी असा गेम घडणे मुळात इतके अवघड का होते, हे समजून घ्यायला हवे.

३/ आधी यंत्राची ओळख. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८१ मार्च १९८१ मध्ये बाजारात आणला. तयार यंत्राची किंमत ६९.९५ पौंड; सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडायची तयारी असेल तर ४९.९५ पौंड. पडदा म्हणून घरातला टीव्ही वापरायचा आणि साठवणीसाठी घरातला कॅसेट रेकॉर्डर. अशी १५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

४/ ही किंमत साधली ती कमालीच्या काटकसरीतून. सिंक्लेअर यांच्याच आधीच्या झेडएक्स ८० मध्ये २१ चिप होत्या. झेडएक्स ८१ मध्ये उरल्या फक्त ४. परंतु काढून टाकलेल्या भागांचे काम कुणाला तरी करावेच लागते. झेडएक्स ८१ मध्ये ते बहुतांशी प्रोसेसरच्या माथी आले. या धाग्याचा अर्धा इतिहास या एका निर्णयात दडलेला आहे.

५/ प्रथम मेमरीचा हिशेब. एक किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट. पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ अक्षरे, म्हणजे एकूण ७६८ अक्षरे. पडदा पूर्ण भरला की केवळ त्यासाठी मेमरीचा तीन चतुर्थांश भाग खर्ची पडे. उरलेल्या चतकोरात संगणकाची स्वतःची टिपणे आणि तुमचा प्रोग्रॅम, दोन्ही बसवायचे!

६/ यावर उपाय होता १६ किलोबाइटच्या जोडमेमरीचा. यंत्राच्या पाठीमागे खोचायची ही डबी सुरुवातीला ४९.९५ पौंडांना मिळे, म्हणजे यंत्राच्या किमतीच्या जवळपास पाऊणपट. तीही नीट घट्ट बसत नसे. कळ जोरात दाबली, यंत्र किंचित हलले, की डबी डुगडुगे आणि तासाभराचे काम क्षणात नाहीसे होई. ‘मॉन्स्टर मेझ’ला ही डबी अत्यावश्यक होती.

७/ आता चित्रांचा प्रश्न. झेडएक्स ८१ च्या पडद्यावर ठिपका ठिपका जोडून चित्र काढण्याची सोय मुळात दिलेलीच नव्हती. तेथे फक्त अक्षरे उमटत. मात्र त्या अक्षरांत काही ठोकळेही होते. एका अक्षराच्या चौकोनाचे चार भाग करायचे आणि त्यांतला हवा तो भाग काळा किंवा पांढरा ठेवायचा. या हिशेबाने साऱ्या पडद्यावर आडवे ६४ आणि उभे ४८ इतकेच ठोकळे बसत.

८/ याखेरीज बारीक ठिपक्यांच्या जाळीने भरलेले काही ठोकळे होते. दुरून पाहता ते करडे दिसत. काळा, पांढरा आणि हा भासमान करडा, एवढीच चित्रकाराची रंगपेटी. रांगोळी काढणाऱ्याला ठिपक्यांच्या कागदाचे बंधन ठाऊक असते. येथे तर ठिपकेही मोजके, आणि रेषा ओढण्याची मुभाही नाही.

९/ सर्वांत कठीण अडचण वेळेची होती. ब्रिटिश टीव्हीवरील चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने रेखावे लागते. महाग संगणकांत या कामासाठी स्वतंत्र चिप असे. झेडएक्स ८१ मध्ये हे ओझे प्रोसेसरवरच होते. म्हणजे स्वयंपाक, वाढप आणि हिशेब अशी तिन्ही कामे एकाच माणसाने करायची खानावळ!

१०/ आधीच्या झेडएक्स ८० मध्ये प्रोसेसर गणिताला लागला की चित्र पुसले जाई. पडदा मिचकावत राही. झेडएक्स ८१ ने यावर ‘स्लो’ नावाची एक युक्ती आणली. टीव्हीच्या चित्राच्या वर आणि खाली जी कोरी पट्टी असते, ती रेखाटली जात असताना प्रोसेसरला मोकळीक मिळे. तेवढ्या सवडीत तुमचा प्रोग्रॅम चाले, आणि मग पुन्हा चित्राची पाळी येई.

११/ या सोयीमुळे चित्र स्थिर राहिले, पण प्रोग्रॅमचा वेग सुमारे एक चतुर्थांशावर आला. ज्या युक्तीमुळे पडद्यावर सलग हालचाल दाखवणे शक्य झाले, तिनेच त्या हालचालीसाठी लागणारा वेळ हिरावून घेतला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे व्यवहार वारंवार दिसतात. कोणतीही सोय फुकट मिळत नाही.

१२/ यंत्रासोबत ‘बेसिक’ ही भाषा येत असे आणि स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेली पुस्तिका ती भाषा नवख्यालाही शिकवत असे. पण बेसिकमधली प्रत्येक आज्ञा संगणक चालता चालता उलगडून वाचतो. धावत्या डायनासोरला ते परवडणारे नव्हते. म्हणून वेगाची कामे थेट प्रोसेसरच्या यंत्रभाषेत लिहावी लागत. इव्हान्स यांनी बेसिक आणि यंत्रभाषा यांची सांगड घातली.

१३/ हे यंत्र नेमके काय काय करू शकते, ते अजमावून पाहण्याच्या ओढीतून हा उद्योग सुरू झाला. त्यामागे ना कंपनी होती, ना कुणाची मागणी. छंदिष्ट माणसाच्या हाती नवे साधन आले की तो पहिल्यांदा त्याच्या मर्यादा चाचपून पाहतो. आता त्या चाचपणीतून काय निर्माण झाले ते पाहू.

१४/ गेमची सुरुवात सर्कशीच्या थाटात होते. एक सूत्रधार पडद्यावर येऊन प्रेक्षकांना हाका मारतो, डायनासोरांच्या राजाला पाहायला या म्हणतो आणि भित्र्या प्रकृतीच्या माणसांनी या वाटेला जाऊ नये, असा इशाराही देऊन ठेवतो. जत्रेतल्या तंबूबाहेरच्या पुकाऱ्याची ही भाषा आहे. तंबूत काय आहे ते कळण्याआधीच छातीत धडधड सुरू होते.

१५/ मग तुम्ही भूलभुलैयात असता. तो १६ गुणिले १८ घरांचा असतो आणि दर खेपेस नव्याने, यदृच्छेने रचला जातो. त्यामुळे पाठांतराचा उपयोग नाही. बाहेर पडण्याची वाट एकच. हालचालीसाठी तीन कळा : डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे चला. मागे सरकायची कळ नाही. पळायचे तर आधी पाठ फिरवावी लागते आणि तेवढ्यात एक मोलाचा क्षण जातो.

१६/ एवढ्या दुबळ्या यंत्राने खोलीचा भास कसा निर्माण केला? मर्म हे की येथे वळण नेहमी काटकोनातच असते आणि पाऊल नेहमी पूर्ण एका घराचे असते. म्हणून समोरच्या प्रत्येक घरापुरते मोजकेच प्रश्न उरतात : डावीकडे भिंत की बोळ? उजवीकडे भिंत की बोळ? पुढे वाट की आडवी भिंत?

१७/ या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे ठरावीक ठोकळ्यांच्या पट्ट्या मांडायच्या. जवळच्या घराची पट्टी रुंद, त्यामागच्या घराची अरुंद, त्याच्याही मागची अधिक अरुंद. नाटकातल्या रंगमंचावर एकामागे एक विंगा लावून जसा लांबच लांब रस्ता भासवतात, तसाच हा प्रकार. अवघड त्रिकोणमितीला येथे फाटाच मिळतो. बाकीचे काम पाहणाऱ्याचा डोळा करतो.

१८/ आणि मग येतो रेक्स. दूरच्या बोळात प्रथम तो काळ्या ठोकळ्यांचा एक बारका पुंजका दिसतो. पुढच्या क्षणी तो मोठा, आणखी पुढच्या क्षणी त्याहून मोठा. पाय आळीपाळीने हलतात. अखेरीस सारा पडदा जबड्याने व्यापून जातो. मोजक्याच चित्रांचा हा खेळ आहे. पण तो आपल्या दिशेने येतो आहे, हे कळायला तेवढी चित्रे पुरतात.

१९/ तथापि भीतीचा खरा उगम या चित्रांत नाही. तो पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या एका ओळीत आहे. यंत्राला आवाज नाही, म्हणून ही ओळ कानांचे काम करते. रेक्स दबा धरून बसला आहे. तो तुझ्या शोधात निघाला आहे. पावले जवळ येत आहेत. त्याने तुला पाहिले आहे. आणि शेवटी, पळ. अशा आशयाचे संदेश परिस्थितीप्रमाणे पालटत राहतात.

२०/ याची तुलना १९८० च्या ‘पॅक-मॅन’शी करून पाहा. नाणे टाकून खेळायच्या त्या गेममध्येही भूलभुलैया आहे आणि पाठलागही आहे. पण तेथे खेळणारा वरून पाहतो. सारे मार्ग आणि सारी भुते त्याला एकाच वेळी दिसतात. इव्हान्स यांनी खेळणाऱ्याला खाली, भिंतींच्या मध्ये आणून उभे केले. धोका आहे हे ठाऊक, पण तो कोठे आहे ते अज्ञात!

२१/ महाभारतातला चक्रव्यूह आपल्याला आठवतो तो अभिमन्यूच्या दृष्टीने. रणांगण वरून पाहणाऱ्याच्या लेखी व्यूह ही केवळ एक आकृती असते. आत सापडलेल्याच्या लेखी पुढचे वळण हेच सारे जग. दृष्टिकोन बदलला की तीच रचना निराळी होते. ‘मॉन्स्टर मेझ’चे यश या बदलात आहे. ठोकळ्यांची संख्या त्यापुढे गौण ठरते.

२२/ विनोदबुद्धीही शाबूत आहे. रेक्सने गिळल्यावर तुम्हाला मरणोत्तर गुण बहाल होतात आणि अनंतकाळ त्याच भूलभुलैयात भटकण्याची शिक्षा सुनावली जाते. शिक्षेविरुद्ध अपील करण्याची सोयही आहे. ते मान्य होईलच असे मात्र नाही. एका माणसाने हौसेने केलेल्या कामाचा हा ठसा. संहिता, चित्रे आणि थट्टा, तिन्हींमागे एकच स्वभाव जाणवतो.

२३/ आता ‘पहिला’ या विशेषणाकडे वळू. १९७३-७४ मध्ये अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही विद्यार्थ्यांनी इम्लॅक संगणकांवर ‘मेझ वॉर’ रचला. भूलभुलैया आतून पाहायचा आणि त्यात एकमेकांना गाठायचे, ही कल्पना तेथे होती. म्हणजे कल्पना १९८१ च्या आधीची. मात्र ती यंत्रे संस्थांच्या मालकीची होती. कुणाच्या दिवाणखान्यात नव्हती.

२४/ मग ‘घरगुती संगणकावरील पहिला’ म्हणावे का? तेही कठीण. ॲपल टू या संगणकावर सायलस वॉर्नर यांचा ‘एस्केप!’ १९७८ मध्ये आला होता. त्यातही भूलभुलैया आतूनच दिसे. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अकालाबेथ’मध्ये १९८० च्या सुमारास तळघरातले बोळ रेषांनी काढलेले होते. टीआरएस-८० वर १९८० चा ‘डेथमेझ ५०००’ होता. तीन नावे आणि तिन्ही आधीची.

२५/ तरीही फरक आहे. ‘अकालाबेथ’मध्ये खेळ पाळीपाळीने पुढे सरकतो. ‘डेथमेझ’मध्ये आज्ञा टंकून पाठवायची. विचार करायला सवड मिळते. रेक्स मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही पहिले पाऊल टाकले की तो हलू लागतो आणि मग तुम्ही कळ दाबा वा न दाबा, तो त्याच्या गतीने येतच राहतो. काळाचा हा रेटा घरच्या टीव्हीवर, आतल्या दृष्टीने, इतक्या स्वस्त यंत्रावर अनुभवायला मिळाला.

२६/ पाहा, ‘पहिला’ टिकवण्यासाठी आपण किती अटी घालत गेलो : घरगुती, मग आतून दिसणारा, मग थांबत नसलेला, मग स्वस्त. पुरेशा अटी घातल्या की जगातली कोणतीही गोष्ट पहिली ठरते. किल्ल्यांविषयी, छापखान्यांविषयी, वर्तमानपत्रांविषयीही आपल्याकडे असे ‘पहिले’ पुष्कळ आहेत. या शर्यतीत एका नावाला मुकुट मिळतो आणि बाकीची नावे पुसली जातात.

२७/ अधिक फलदायी प्रश्न निराळा आहे. प्रयोगशाळेत जन्मलेला अनुभव सत्तर पौंडांच्या यंत्रात उतरताना त्यातून काय गळले आणि कशाची भर पडली? गळले ते एकमेकांशी जोडलेले संगणक, आणि त्यांच्यासोबत मानवी प्रतिस्पर्धी. भर पडली ती स्वतःहून शोधत येणाऱ्या श्वापदाची आणि त्याची चाहूल देणाऱ्या त्या एका ओळीची. एकट्याने खेळायच्या घरात सोबतीला भीती आली.

२८/ पुढची कथा थोडक्यात. जॉन ग्रे यांच्या ‘जे. के. ग्रे सॉफ्टवेअर’ने हा गेम १९८२ मध्ये कॅसेटवर प्रकाशित केला. त्याच वर्षी इव्हान्स यांनी ‘न्यू जनरेशन सॉफ्टवेअर’ स्थापन केली आणि गेम तेथूनही निघाला. पुढे सफाई कामगाराला नायक करणारा त्यांचा ‘ट्रॅशमॅन’ १९८४ मध्ये गाजला. वाढदिवसाच्या भेटीतून सुरू झालेली हौस अशी व्यवसाय बनली.

२९/ यंत्राचे आयुष्य मात्र अल्प ठरले. एप्रिल १९८२ मध्येच सिंक्लेअर यांनी रंग आणि आवाज असलेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ आणला. झेडएक्स ८१ च्या मर्यादांवर मात करण्यासाठी कमावलेली सारी कारागिरी वर्षभरात जुनी झाली. या क्षेत्रात कौशल्याचे असे अकाली वार्धक्य नित्याचे आहे. म्हणून त्याची नोंद वेळेवर घ्यावी लागते.

३०/ येथे साधनांचा प्रश्न उभा राहतो. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. माळ्यावरची, अडगळीतली दप्तरे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी मिळवण्याची त्यांची धडपड आपण जाणतो. चुंबकीय फितीची गत काही वेगळी नाही. कागद निदान शतकानुशतके टिकू शकतो. कॅसेटचे आयुष्य दशकांतच मोजावे लागते.

३१/ ‘मॉन्स्टर मेझ’ वाचला तो हौशी मंडळींमुळे. त्यांनी कॅसेटवरचा ध्वनी आकड्यांत उतरवून जपला आणि आजच्या संगणकावर झेडएक्स ८१ चे सोंग हुबेहूब वठवणारे इम्युलेटर लिहिले. त्यामुळे आज मूळ प्रोग्रॅम चालवता येतो आणि बाइट-बाइट उलगडून वाचताही येतो. हे अस्सल साधन आहे. कर्त्याने आठवणीत काय सांगितले, ते याच्याशी ताडून पाहता येते.

३२/ तरी सावधगिरी हवी. इम्युलेटरमध्ये डबी डुगडुगत नाही. कॅसेट लागेपर्यंत काही मिनिटे ऐकावी लागणारी किरकिर नाही, आणि ती शेवटच्या क्षणी फसल्याचा वैतागही नाही. घरातला टीव्ही आपल्या हाती यावा म्हणून इतरांची मनधरणी नाही. प्रोग्रॅम जपला गेला. त्याभोवतीचे घर जपले गेले नाही. दस्तऐवज हाती आला म्हणजे तो काळ हाती आला, असे होत नाही.

३३/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रमैत्रिणींना एक विनंती. घरात, नातेवाइकांकडे, एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कॅसेट, फ्लॉपी, हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. छायाचित्र काढा. कुणी, कधी, कोणत्या यंत्रावर केले ते माहीतगाराला विचारून तारखेसह लिहून ठेवा. माणूस हयात आहे तोवर हे काम सोपे असते.

३४/ त्या वह्यांत जगातला ‘पहिला’ गेम सापडण्याची शक्यता फारच थोडी. पण हाताशी होते तेवढ्या साधनांत एखाद्याने काय रचले, कोठे अडला आणि तिढा कसा सोडवला, हे तेथे नक्की सापडेल. इव्हान्स यांच्या १६ किलोबाइटमध्ये आपण आज तेच वाचतो. आणि हो, संधी मिळाली तर तो गेम एकदा खेळून पाहा. दिवे मालवून, आवाज बंद ठेवून. तसा आवाज नाहीच.

(धागा समाप्त. प्रश्न आणि दुरुस्त्या खाली जरूर लिहा.)